ब्राउझरचा भार आणि संगणकाची स्मृती

बालाघाट जिल्ह्यात सरकारी कामाची पहिली पायरी आज बहुधा एखाद्या छोट्या दुकानातील संगणकाच्या पडद्यावर असते. वारासिवनी, कटंगी, लांजी, बैहर, कोणत्याही बाजारगावी गेले तरी 'एमपी ऑनलाइन'ची पाटी आणि तिच्याखाली बाकावर खोळंबलेली माणसे दृष्टीस पडतात. कोणाला आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी ई-उपार्जनावर नोंदणी करावयाची असते, कोणाला समग्र ओळखक्रमांकातील नाव दुरुस्त करून हवे असते, कोणाच्या मुलीचा महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज भरावयाचा असतो आणि मुदत नेमकी त्याच सायंकाळी संपत असते. बैहरच्या पठारावरून आलेल्या मजुराने या कामापायी त्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडलेले असते. अशा वेळी पडद्यावरील चाक गरगर फिरत राहते, आणि काही वेळाने ते सर्वपरिचित वाक्य कानी पडते, "सर्व्हर डाउन है." माणूस उठतो आणि उद्याच्या खाड्याचा हिशेब करीत घरची वाट धरतो.

सर्व्हर कधीकधी खरोखरच बंद असतो, यात शंका नाही. परंतु पुष्कळदा तो दूरचा सर्व्हर अगदी निरपराध असतो आणि धाप लागलेली असते ती दुकानातल्याच संगणकाला. याची पारख करण्यास विशेष विद्या लागत नाही. पान अडकले असता नोटपॅड उघडावे आणि त्यात चार अक्षरे टंकावीत. नोटपॅडला इंटरनेटशी काही कर्तव्य नसते. तीही अक्षरे अडखळत, उशिरा उमटली, तर दोष घरचा आहे. अक्षरे झरझर उमटली, परंतु पान मात्र येत नसले, तर तेच पान भ्रमणध्वनीवर उघडून पाहावे. तेथेही ते आले नाही, तर सर्व्हरला बोल लावण्यास हरकत नाही. घरचा दोष निघाला, तर त्याचे मूळ बहुतेक वेळा एका ठिकाणी सापडते. हे ठिकाण म्हणजे ब्राउझर, अर्थात ज्या कार्यक्रमातून इंटरनेटवरील पाने पाहिली जातात तो क्रोम, एज अथवा फायरफॉक्स.

मध्य प्रदेशाला ही दुकाने नवी नाहीत. धार जिल्ह्यात २००० सालच्या जानेवारीत 'ज्ञानदूत' योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतील सूचनालयांतून दाखले व बाजारभाव मिळू लागले. पुढे २००६ साली राज्य शासन आणि टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस यांच्या भागीदारीतून एमपी ऑनलाइन ही संस्था उभी राहिली. २०१० साली लोकसेवा हमीचा कायदा झाला आणि ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरला. सीमेपलीकडे गोंदिया-भंडाऱ्याकडे 'आपले सरकार' सेवा केंद्रांतही हेच चित्र आहे. बालाघाट १९५६ पर्यंत नागपूरच्याच कारभारात होते, आणि आजही दोन्हीकडच्या माणसांच्या अडचणी भाषेप्रमाणेच एकमेकींत मिसळलेल्या आहेत. हक्क कायद्याने मिळाला. तो बजावण्याचे साधन मात्र काउंटरवरचा, बहुधा चार जीबी स्मृतीचा, काही वर्षे वापरलेला संगणक हेच आहे.

या 'चार जीबी'चा अर्थ प्रथम नीट ध्यानात घ्यावयास हवा. जुन्या तहसील कचेरीतील कारकुनाचे मेज डोळ्यांपुढे आणावे. मेजावर जे बस्ते सोडून ठेवले आहेत, त्यांतील कागद हात लांबवताच मिळतो. बाकीचे सारे दप्तर मागल्या दप्तरखान्यात असते. तेथून काही आणावयाचे म्हणजे शिपाई धाडावा लागतो. संगणकातील रॅम, म्हणजे कार्यस्मृती, हे ते मेज होय आणि हार्ड डिस्क हा दप्तरखाना होय. मेज मोठे असले तर पुष्कळ बस्ते एकाच वेळी पसरता येतात. ते भरले आणि तरीही नवा बस्ता हवा झाला, तर एखादा जुना बस्ता बांधून दप्तरखान्यात पाठवणे भाग पडते. संगणकही अगदी हेच करतो. कार्यस्मृती अपुरी पडली की तिच्यातील काही भाग तो डिस्कवर लिहून ठेवतो आणि जागा मोकळी करतो.

या व्यवहारात वेळेचा फरक किती पडतो, हे आकड्यांत पाहिले म्हणजे दुकानातील ते फिरते चाक समजते. कार्यस्मृतीतून एक वस्तू मिळण्यास सुमारे शंभर नॅनोसेकंद लागतात. फिरत्या तबकडीच्या डिस्कवरून ती मिळण्यास सुमारे दहा मिलिसेकंद. हे प्रमाण एकास एक लाख असे पडते. कारकुनाला मेजावरचा कागद उचलण्यास एक सेकंद लागतो असे धरले, तर दप्तरखान्यातून आणलेला कागद त्याच्या हाती अठ्ठावीस तासांनी पडेल! नव्या पद्धतीच्या एसएसडी डिस्कवर हाच फेरा साधारण सतरा मिनिटांत आटोपतो. तोही थोडाथोडका नव्हेच.

एखाद-दुसरा फेरा कोणाच्या लक्षातही येत नाही. अनर्थ होतो तो चालू कामाचेच बस्ते मेजावर मावेनासे झाले म्हणजे. मग एक बस्ता आणण्यासाठी दुसरा पाठवावा, आणि तो जाऊन पोचतो न पोचतो तोच त्याचीच गरज पडावी, असा खेळ सुरू होतो. शिपाई धावून धावून थकतो, कारकून हात जोडून बसतो आणि अर्ज जागचा हलत नाही. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या अवस्थेचे शास्त्रीय विवरण केले. चालू क्षणी कार्यक्रमाला खरोखर ज्या सामग्रीची वारंवार गरज आहे तेवढी स्मृतीत मावली पाहिजे, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा. तेवढी मावली तर काम सुरळीत चालते. थोडीशी जरी कमी पडली तरी वेग थोडासा न उतरता एकदम कोसळतो. दुकानातला संगणक दहा टॅबपर्यंत बरा चालतो आणि अकराव्या टॅबला गोगलगाय होतो, त्याचे कारण हेच आहे.

ब्राउझरलाच एवढी मोठी जागा का लागावी, हा पुढचा प्रश्न. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या सुमारास जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत जाळ्यावरील पानांची कल्पना प्रत्यक्षात आणली, तेव्हा पान म्हणजे निव्वळ मजकूर होता. १९९३ साली मोझाइक ब्राउझरने मजकुराच्या ओळींत चित्रे बसवली. १९९५ साली जावास्क्रिप्ट ही भाषा ब्राउझरमध्ये आली, आणि तेथून पानाची जातच बदलली. तोवर पान ही वाचण्याची वस्तू होती. त्यानंतर पान हा चालणारा कार्यक्रम झाला. जो पाहावा तो टॅब आता आपल्यापुरता एक स्वतंत्र कार्यक्रम असतो. तो घड्याळे लावतो, दर काही सेकंदांनी सर्व्हरला नवे काय ते विचारतो, जाहिराती बदलतो, वाचकाच्या हालचाली टिपतो. पाहणारा दुसऱ्या टॅबवर गेला तरी त्याचे उद्योग सर्वस्वी थांबत नाहीत. आजचे सर्वसाधारण पान डेस्कटॉप संगणकावर उतरते तेव्हा अडीच मेगाबाइटांहून अधिक भरते, आणि हा झाला केवळ वाहतुकीतला भार. स्मृतीत पसरल्यावर तो कितीतरी पटींनी फुगतो.

हा फुगवटा छायाचित्राच्या उदाहरणाने उत्तम समजतो. भ्रमणध्वनीने काढलेले चार हजार बाय तीन हजार बिंदूंचे चित्र फाइल म्हणून तीन-चार मेगाबाइटांचे असेल. कारण ते दाबून, घडी घालून ठेवलेले असते. परंतु पडद्यावर दाखवण्यासाठी ती घडी उलगडावी लागते. एकूण बिंदू एक कोटी वीस लाख, प्रत्येकास चार बाइट, म्हणजे जवळजवळ अठ्ठेचाळीस मेगाबाइट. अशी पाच-सहा चित्रे उघडी राहिली, तर चार जीबीच्या संगणकात त्यांची दाटी होण्यास वेळ लागत नाही. कारण त्या चारांपैकी दीड-दोन जीबी विंडोजनेच आधी व्यापलेली असते.

याखेरीज ब्राउझरच्या रचनेतच एक खर्चिक गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी बरेच गैरसमज आहेत. पूर्वीच्या ब्राउझरांत सारी पाने एकाच खोलीत नांदत. एका पानाने गोंधळ घातला की सगळा ब्राउझर कोसळे आणि अर्धे भरलेले सर्व अर्ज त्याबरोबर जात. २००८ सालच्या सप्टेंबरात क्रोम आला तो वेगळी घडण घेऊन. त्याने चाळ बांधली. प्रत्येक बिऱ्हाडाला वेगळी खोली, वेगळी चूल. फायरफॉक्सनेही २०१६ पासून टप्प्याटप्प्याने हीच वाट धरली. चाळीत वीस चुली पेटल्या म्हणजे एका मोठ्या स्वयंपाकघरापेक्षा सरपण जास्तच जळणार. परंतु एका बिऱ्हाडातील भांडणाने दुसऱ्याचे जेवण अडत नाही. टॅब वाढले की टास्क मॅनेजरमध्ये ब्राउझरच्या नावाच्या दहा-पंधरा ओळी दिसू लागतात आणि संगणकात विषाणू शिरला की काय अशी शंका येते. तो विषाणू नव्हे. त्या चाळीच्या खोल्या होत.

२०१८ सालच्या आरंभी स्पेक्टर आणि मेल्टडाउन या नावांनी ओळखले जाणारे दोष प्रोसेसरांत सापडले, आणि या भिंती आणखी जाड कराव्या लागल्या. एका संकेतस्थळाच्या पानाला शेजारच्या पानाच्या स्मृतीत डोकावता येण्याची भीती उत्पन्न झाली होती. त्याच वर्षी क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला वेगळ्या प्रक्रियेत बंदिस्त करण्याची व्यवस्था सर्वत्र लागू केली. त्यापायी स्मृतीचा वापर सुमारे दहा ते तेरा टक्क्यांनी वाढतो, हे गुगलने तेव्हाच सांगून टाकले होते. ही व्यवस्था बंद करून स्मृती वाचवण्याचे उपाय अधूनमधून सुचवले जातात. घरच्या संगणकावर कोणी तो प्रयोग केला तर ज्याचा तो धनी. परंतु ज्या संगणकावर दिवसभरात शंभर माणसांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील उतरतात, तेथे दहा टक्क्यांसाठी भिंत पाडणे हा व्यवहार शहाणपणाचा ठरत नाही.

असाच दुसरा एक लोकप्रिय उपाय म्हणजे 'कॅश' पुसणे. पूर्वी पाहिलेल्या पानांची चित्रे व तुकडे ब्राउझर डिस्कवर साठवून ठेवतो, त्या साठ्याला हे नाव आहे. हा साठा असतो मुख्यतः दप्तरखान्यात. तो रिकामा केल्याने मेजावर जागा होत नाही. उलट पुढच्या वेळी तेच पान उघडताना सारी चित्रे पुन्हा इंटरनेटवरून मागवावी लागतात, आणि जेथे जोडणीच मंद आहे तेथे हा दुहेरी तोटा होतो. पान जुनेच दिसत असेल किंवा प्रवेश करताना विचित्र वागत असेल, तेव्हा कॅश पुसणे योग्य होय. वेगासाठी रोज सकाळी पुसणे म्हणजे दुकान उघडण्यापूर्वी माल बाहेर फेकून देण्यासारखे आहे. 'रॅम क्लीनर' नावाचे कार्यक्रम तर याहून पुढचे. ते बहुधा चालू कार्यक्रमांची सामग्री बळेच स्मृतीबाहेर ढकलतात आणि आकडा खाली आला म्हणून पाठ थोपटून घेतात. दोन मिनिटांनी तीच सामग्री डिस्कवरून परत आणावी लागते. रिकामे मेज हे काही चांगल्या कारभाराचे लक्षण नव्हे. स्मृती सत्तर टक्के भरलेली असूनही काम झटपट होत असेल तर चिंतेचे कारण नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून उघडणाऱ्या विंडोजच्या टास्क मॅनेजरात स्मृती नव्वदीच्या पुढे आणि डिस्क सतत शंभराजवळ, असे दोन्ही आकडे एकदम दिसले, म्हणजे मात्र शिपायाची धावपळ सुरू झाली असे समजावे.

मग खरा उपाय कोणता? पहिला उपाय पाहण्याचा आहे. क्रोम आणि एज या दोहोंत केवळ शिफ्ट आणि एस्केप दाबले की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. फायरफॉक्समध्ये तो 'मोअर टूल्स'च्या यादीत मिळतो. तेथे कोणता टॅब किती स्मृती घेतो आणि प्रोसेसर किती राबवतो, याचा हिशेब ओळीने मांडलेला असतो. स्मृतीच्या स्तंभावर टिचकी मारली की जड ओळी वर येतात. पुष्कळांचा येथे अपेक्षाभंग होतो. सरकारी पोर्टलचा टॅब साधाच निघतो. खरा खादाड असतो तो सकाळपासून उघडा असलेला चलचित्रांचा टॅब, बातम्यांचे जाहिरातींनी बरबटलेले पान अथवा भ्रमणध्वनीतील संदेश पडद्यावर दाखवणारा टॅब. तेथूनच ओळ निवडून ती प्रक्रिया संपवता येते. निदानाशिवाय औषध देण्यापेक्षा ही दोन मिनिटे सत्कारणी लागतात.

टॅब बंद करणे हा उपाय इतका साधा आहे की तो सांगण्याचाही संकोच वाटावा. तरीही कियॉस्कवर त्याचे महत्त्व दुप्पट आहे. मागील ग्राहकाचा टॅब उघडा राहिला, तर तो जागा अडवतोच. शिवाय त्या माणसाचे खाते पुढच्या माणसासमोर उघडे राहते. यासाठी प्रत्येक ग्राहकाचे काम ब्राउझरच्या 'गेस्ट' खिडकीत करणे उत्तम. त्या खिडकीत विस्तार-कार्यक्रम, म्हणजे एक्स्टेन्शन, चालत नाहीत, त्यामुळे तिचा भार मुळातच कमी असतो. आणि ती मिटली की तिच्यातील खाती व इतिहास पुसला जातो. संगणकावर उतरवून घेतलेल्या फाइली मात्र मागे राहतात, त्या वेगळ्या पुसाव्या लागतात. पुन्हा लागणाऱ्या पोर्टलांचे टॅब 'असू द्यावेत' म्हणून उघडे ठेवण्याची सवय पुष्कळांना असते. ती पाने खुणेच्या पट्टीत, बुकमार्क म्हणून, ठेवली तर एका टिचकीत परत येतात आणि तोवर स्मृतीत कवडीचीही जागा घेत नाहीत.

ब्राउझर बनवणाऱ्यांनीही गेल्या दशकात या प्रश्नाकडे पुष्कळ लक्ष दिले आहे. क्रोमने २०१५ साली स्मृती संपत आल्यास दुर्लक्षित टॅब रिकामे करण्यास आरंभ केला. २०१७ साली पार्श्वभूमीतील टॅबांच्या घड्याळांना लगाम घातला, आणि २०२१ च्या जानेवारीपासून पाच मिनिटे दृष्टीआड असलेल्या पानाची घड्याळे मिनिटातून एकदाच चालू देण्याचा नियम आणला. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये 'झोपणारे टॅब' आले. त्याच वर्षी विंडोजवरील फायरफॉक्सही स्मृती अपुरी पडताच जुने टॅब उतरवू लागला. आणि २०२२ च्या डिसेंबरात क्रोममध्ये 'मेमरी सेव्हर' ही सोय आली. ती सेटिंगमधील 'परफॉर्मन्स' या भागात असते. ती चालू केली की काही काळ न पाहिलेल्या टॅबांचे नाव पट्टीवर राहते, परंतु त्यांची सामग्री स्मृतीतून उतरवली जाते. टॅबवर परतताच पान नव्याने मागवले जाते.

या 'नव्याने' शब्दात एक धोका दडलेला आहे, आणि अर्ज भरणाऱ्याने तो ओळखून असावे. अर्धवट भरलेला अर्ज, चालू ध्वनी, उतरत असलेली फाइल अशा टॅबांना मेमरी सेव्हर सहसा हात लावत नाही. परंतु कित्येक सरकारी अर्ज पाच-सहा पायऱ्यांचे असतात. चौथी पायरी नुकतीच उघडली आहे, तिच्यातील एकही रकाना अजून भरलेला नाही आणि ग्राहक सातबाऱ्याची किंवा खसऱ्याची प्रत आणण्यास घरी गेला आहे, अशा वेळी ब्राउझरच्या दृष्टीने ते एक रिकामे, दुर्लक्षित पान असते. ते उतरवले गेले आणि परतल्यावर पुन्हा मागवले गेले, तर काही पोर्टले ती पायरी ओळखत नाहीत आणि पहिल्यापासून आरंभ करावयास लावतात. यावर तोड अशी, की ज्या पोर्टलांवर रोजचे काम चालते त्यांचे पत्ते त्याच सेटिंगमधील 'सदैव जागी ठेवावयाची स्थळे' या यादीत घालून ठेवावेत आणि बाकीच्यांना खुशाल झोपू द्यावे. अर्थात सर्व्हरने आपल्या बाजूने ठरवलेली वेळ संपली, तर जागा टॅबही उपयोगी पडत नाही; तो दोष ब्राउझरचा नव्हे.

एक्स्टेन्शनांची गोष्ट निराळी. ती एकदा बसवली की विस्मरणात जातात आणि प्रत्येक पानासोबत मुकाट्याने चालत राहतात. कोणी कधी पीडीएफ जोडण्यासाठी, कोणी चलचित्र उतरवण्यासाठी, कोणी सवलतीच्या कूपनांसाठी बसवलेली असतात. महिन्यातून एकदा यादी उघडून ज्याचा उपयोग आठवत नाही ते काढून टाकावे. जाहिराती अडवणारे एक्स्टेन्शन मात्र यास अपवाद ठरू शकते. ते स्वतः थोडी जागा घेते, परंतु जाहिरातींनी भरलेल्या पानांवर त्याहून अधिक वाचवते. त्याच फेरीत सूचना पाठवण्याची परवानगी मिळवून बसलेली संकेतस्थळेही तपासावीत. तसेच क्रोमच्या 'सिस्टिम' विभागात ब्राउझर मिटल्यावरही पार्श्वभूमीत कार्यक्रम चालू ठेवण्याचे एक कलम असते. ते बंद केले नाही, तर खिडकी मिटते आणि चूल मात्र पेटलेलीच राहते. एजमध्येही असे कलम आहे. ब्राउझर उघडताच कालचे सर्व टॅब परत आणण्याची योजना ज्यांनी निवडली आहे, त्यांची सकाळ कालच्या ओझ्यानेच सुरू होते हेही सांगावयास हवे.

छायाचित्रांचे काम ब्राउझरबाहेर केले, तर कियॉस्कवरचा मोठा भार हलका होतो. पोर्टलांना पन्नास किंवा शंभर केबीचे छायाचित्र आणि सही लागते. हे आकारमान घटवण्यासाठी बहुतेक जण जाळ्यावरील एखादे 'मोफत' पान उघडतात. ते पान जाहिरातींनी ओथंबलेले असते, मूळ चित्राची घडी तेथे उलगडली जाते, आणि ग्राहकाचे छायाचित्र कोण्या अनोळखी सर्व्हरवर जाण्याचीही शक्यता असते. विंडोजमधील साध्या पेंटमध्ये 'रिसाइझ' करून तेच काम निम्म्या वेळात आणि कोणालाही काही न देता होते. कागदपत्रे स्कॅन करतानाही सहाशे बिंदूंऐवजी दोनशे बिंदूंवर केली तर अक्षरे वाचता येतात आणि फाइल कितीतरी पटींनी लहान होते.

हे सारे ओझे वापरणाऱ्याच्याच माथी मारणे न्याय्य नाही. ज्या पानावर केवळ नाव, गाव आणि खातेक्रमांक लिहावयाचा, त्यावर सरकत्या चित्रांची माळ आणि पुढाऱ्यांची मोठमोठी छायाचित्रे असण्याचे प्रयोजन काय? पोर्टल बनवणारे बहुधा मोठ्या शहरात, सोळा जीबी स्मृतीच्या संगणकापुढे बसून ते तपासतात. तेथे ते छान पळते. बैहरच्या दुकानातील संगणक त्यांच्या नजरेसमोर नसतो. प्रत्येक पायरीवर मसुदा जतन करण्याची सोय ज्या पोर्टलावर आहे, तेथे संगणक अडकला तरी माणसाचा दिवस बुडत नाही. अशी सोय करण्यास फार मोठा खर्च येत नाही, आणि सरकारी पोर्टलाने ती टाळावी याचे समर्थन करता येणे कठीण आहे.

एवढे करूनही संगणक अडखळत असेल, तर यंत्रात भर घालण्याची वेळ आली असे समजावे. येथे क्रम महत्त्वाचा आहे. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर दप्तरखान्याचा फेरा कमी होतो. कार्यस्मृती चारांवरून आठ जीबी केली तर तो फेराच बहुधा टळतो. विंडोज ११ ला किमान चार जीबी लागतात, म्हणजे तेवढ्याच स्मृतीवर ते बसवले तर ब्राउझरच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ७ वर क्रोमच्या नव्या आवृत्त्या २०२३ पासूनच येत नाहीत. त्यामुळे जुन्या यंत्रावर जुनाच ब्राउझर हलका म्हणून चालवत राहणे, विशेषतः पैशाच्या व्यवहारांसाठी, धोक्याचे आहे. काही लॅपटॉपांत स्मृती मुख्य पट्टीवरच पक्की जोडलेली असते आणि पुढे वाढवता येत नाही; जुना लॅपटॉप विकत घेण्यापूर्वी दुकानदाराकडून त्याची पाठ उघडून स्मृतीची जादा खाच आहे की नाही, ते पाहून घ्यावे.